शेवटच्या फेरीचे ओझे

सिंगापूरच्या सेंतोसा बेटावर 12 डिसेंबर 2024 रोजी बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा चौदावा, म्हणजे नियमित डावांपैकी शेवटचा डाव चालू होता. चीनचा जगज्जेता डिंग लिरेन आणि चेन्नईचा अठरा वर्षांचा आव्हानवीर दोम्माराजू गुकेश यांचे प्रत्येकी साडेसहा गुण झाले होते. पटावर दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट आणि मोजकी प्यादी उरली होती. गुकेशजवळ एक प्यादे अधिक होते खरे. परंतु एवढ्याशा आधिक्यावर असा डाव सहसा जिंकता येत नाही. समालोचक दुसऱ्या दिवशीच्या जलद डावांविषयी बोलू लागले होते. पंचावन्नाव्या चालीला डिंगने आपला हत्ती दुसऱ्या पंक्तीत आणून हत्तींची अदलाबदल देऊ केली. मोहरी कमी होतील, डाव सोपा होईल आणि बरोबरी पदरात पडेल, असा त्यामागचा हिशेब होता. परंतु त्याचा उंट पटाच्या पार कोपऱ्यात जाऊन बसला होता. हत्ती गेल्यावर गुकेशला उंटांचीही अदलाबदल घडवून आणता येत होती, आणि मग उरणाऱ्या राजा-प्याद्यांच्या डावात ते एक अधिकचे प्यादे निर्णायक ठरणार होते. गुकेशने नंतर सांगितले की, ती चूक त्याच्याही लगेच ध्यानात आली नव्हती. ध्यानात आल्यावर त्याच्या मुद्रेवर जे उमटले ते साऱ्या जगाने पाहिले. अठ्ठावन्नाव्या चालीनंतर डिंगने डाव सोडला आणि गुकेश साडेसात विरुद्ध साडेसहा गुणांनी आजवरचा सर्वांत तरुण जगज्जेता झाला.

या चुकीवर पुढे पुष्कळ टीका झाली. जगज्जेत्याच्या हातून शाळकरी मुलाची चूक झाली, असेही लिहिले गेले. तो न्याय नव्हे. शाळकरी मुलगा ती चूक अज्ञानाने करतो. डिंगला राजा-प्याद्यांचे डाव तोंडपाठ होते. त्याला जे हवे होते ते ज्ञान नव्हते, सुटका होती. तीन आठवडे चाललेली लढत, प्रत्येक डावाला चार-पाच तास, पहिल्या चाळीस चालींसाठी दोन तास आणि त्यानंतर उरलेल्या साऱ्या डावासाठी केवळ अर्धा तास व प्रत्येक चालीमागे मिळणारे तीस सेकंद. अशा स्थितीत मनुष्य पटाकडे पाहत असला तरी त्याचे मन पटावर राहत नाही. ते पुढच्या घटकेत, निकालात, विश्रांतीत जाऊन बसते. मार्चअखेर वह्या बंद करण्याच्या घाईत चांगला माल पडत्या भावाने काढून टाकणारा व्यापारी आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला आहे. त्याला भाव कळत नसतो असे नाही. त्याला तो विषय एकदाचा संपवायचा असतो.

याच डिंगने दीड वर्षापूर्वी नेमके याच्या उलट केले होते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे सिंगापूरची घटना अधिक समजते. कझाकस्तानातील अस्ताना येथे 30 एप्रिल 2023 रोजी तो रशियाच्या इयान नेपोम्नियाशीविरुद्ध जगज्जेतेपदासाठी झुंजत होता. चौदा डावांत बरोबरी झाली होती, जलद डावांपैकी तीन बरोबरीत सुटले होते आणि चौथ्यात डिंग काळी मोहरी घेऊन खेळत होता. प्रतिपक्षाचा वजीर त्याच्या राजाला पुनःपुन्हा शह देत होता. त्याच त्या चाली फिरवत राहिले असते तर डाव बरोबरीत सुटला असता आणि निकाल अतिजलद डावांवर गेला असता. घड्याळात जेमतेम एक-दीड मिनिट उरलेले असताना डिंगने छेचाळिसाव्या चालीला शहाच्या वाटेत स्वतःचा हत्ती आणून उभा केला. हा हत्ती तेथे जखडला जाणार, हे दिसत असूनही त्याने ती चाल केली, कारण त्या स्थितीत विजयाची शक्यता होती आणि ती त्याला दिसली होती. तो डाव त्याने जिंकला आणि चीनचा पहिला पुरुष जगज्जेता झाला. त्यानंतरच्या काळात नैराश्याने आणि निद्रानाशाने आपल्याला ग्रासले होते, हे त्याने स्वतः उघडपणे सांगितले आहे. सिंगापुरात समोर बसलेला डिंग हा तोच खेळाडू होता; पण अनिश्चितता सोसण्याचे त्याचे बळ खर्ची पडलेले होते. तरीही बाराव्या डावात त्याने गुकेशला असे काही हरवले की त्या डावाचे कौतुक आजही होते. पराभवानंतर पत्रकारांसमोर त्याने नशिबाला बोल लावला नाही आणि आपल्याला खंत नसल्याचे सांगितले.

दडपणाचा विषय निघाला की जाणते लोक एक जुना दाखला हटकून देतात, तो स्पेनमधील सेव्हिलचा. 1987 च्या डिसेंबरात गॅरी कास्पारोव्ह आणि अनातोली कार्पोव्ह यांची लढत चोवीस डावांची होती. तेविसाव्या डावात कास्पारोव्हने एक हत्ती चुकीच्या हिशेबाने झोकून दिला आणि डाव हरला. आता कार्पोव्ह बारा-अकरा असा पुढे होता आणि शेवटच्या डावात त्याला केवळ बरोबरी पुरे होती. कास्पारोव्हला जिंकणे भाग होते. जिंकल्यास बारा-बारा अशा बरोबरीने जगज्जेतेपद त्याच्याकडेच राहणार होते. कास्पारोव्ह म्हणजे आक्रमणाचा बादशहा. तो पहिल्या चालीपासून तुटून पडेल अशी साऱ्यांची अपेक्षा होती, कदाचित कार्पोव्हचीही.

त्याने तसे केले नाही. त्याने संथ डाव मांडला. मोहऱ्यांची अदलाबदल शक्य तितकी टाळली, घाईने काही उघड केले नाही, आणि पटावरचा ताण तसाच राहू दिला. ताण आपल्या मनावर आहे तितकाच तो समोरच्याच्याही मनावर आहे. किंबहुना ज्याला केवळ बरोबरी हवी आहे त्याला तो अधिक सोसवत नाही, हे त्याने ओळखले होते. कार्पोव्हसारखा स्थितप्रज्ञ मानला गेलेला खेळाडूही वेळेच्या टंचाईत सापडला आणि चुकला. त्या काळच्या रीतीप्रमाणे डाव रात्री तहकूब झाला तेव्हा कास्पारोव्हजवळ एका प्याद्याचे आधिक्य होते. दुसऱ्या दिवशी डाव पुन्हा सुरू झाला. तेव्हाही जिंकण्याची खात्री नव्हती. एका प्याद्यासाठी तो शांतपणे चाली करत राहिला आणि चौसष्टाव्या चालीला कार्पोव्हने हार मानली. या डावात चमकदार बलिदान नाही, डोळे दिपवणारा हल्ला नाही. तरुण खेळाडूंना तो दाखवला तर ते कंटाळतात, आणि नेमके म्हणूनच तो त्यांना दाखवायला हवा.

अर्थात शांत स्वभावाचे लोक शेवटच्या फेरीत सुरक्षित असतात, असे समजू नये. 2013 साली लंडनच्या आव्हानवीर स्पर्धेत मॅग्नस कार्लसन आणि व्लादिमिर क्रॅमनिक शेवटच्या फेरीपूर्वी समान गुणांवर होते, आणि शेवटच्या फेरीत दोघेही हरले. अधिक डाव जिंकलेले असल्यामुळे कार्लसन पुढे गेला. त्याच वर्षी चेन्नईत विश्वनाथन आनंदला हरवून तो जगज्जेता झाला. त्या लढतीच्या प्रेक्षकांत सात वर्षांचा गुकेश होता.

गुकेशचा स्वभाव दडपणासाठीच घडला आहे, असे आता सर्रास बोलले जाते. एप्रिल 2024 मध्ये टोरांटोच्या आव्हानवीर स्पर्धेत सातव्या फेरीत तो वेळेच्या टंचाईत सापडून अलिरेझा फिरूझाकडून हरला होता. चौदा फेऱ्यांची स्पर्धा, अर्धी वाट संपलेली, आणि हरण्याची वेदना अशी की ती त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेली होती. दुसरा दिवस विश्रांतीचा होता. त्याच पराभवाने आपल्याला बळ दिले, असे तो पुढे म्हणाला. शेवटच्या तीन फेऱ्यांत त्याने दोन डाव जिंकले, त्यांपैकी एक त्याच फिरूझाविरुद्ध, आणि हिकारू नाकामुराशी बरोबरी करून नऊ गुणांवर स्पर्धा संपवली. परंतु निकाल लागला नव्हता. नेपोम्नियाशी आणि फाबियानो कारुआना यांचा डाव चालूच होता. त्यांपैकी कोणी जिंकले तर गुकेशशी बरोबरी होऊन पुन्हा खेळावे लागणार होते. तो डाव काही वेळ पाहून गुकेश आपला साहाय्यक ग्रेगोश गायेव्स्की याच्याबरोबर फिरायला निघून गेला. डाव एकशेनऊ चालींनंतर बरोबरीत सुटला. आपल्या हातात जे उरलेले नाही त्याकडे टक लावून न बसण्याची ही सवय सतराव्या वर्षी आपोआप येत नाही. पुढे सिंगापूरच्या तयारीसाठी त्याने पॅडी अप्टन यांचे मार्गदर्शन घेतले. 2011 चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय क्रिकेट संघाबरोबर मानसिक तयारीचे काम केलेले तेच हे गृहस्थ.

येथे पालकांविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आपल्याकडच्या जिल्हा वा राज्य स्पर्धांत शेवटच्या फेरीच्या वेळी सभागृहाबाहेरचा व्हरांडा पाहावा. मुले आत चाली मोजत असतात आणि आई-वडील बाहेर गुण मोजत असतात. कोण हरला तर कोण वर सरकेल, बुकहोल्झचे अपूर्णांक कोणाच्या बाजूने आहेत, हे सारे भ्रमणध्वनीवर चाललेले असते. तेथवर ठीक. मात्र फेरीला आत जाणाऱ्या मुलाच्या कानात ‘बरोबरी झाली तरी करंडक मिळेल’ हे वाक्य घातले जाते, तेव्हा त्या मुलाच्या पटावर एक तेहतिसावे मोहरे ठेवले जाते आणि ते त्याच्या बाजूने नसते.

बरोबरी पुरेशी असताना, किंवा आघाडीवर असताना, पाय कसे अडखळतात याचा अनुभव भारताच्या महिला संघाने 2022 साली चेन्नईत घेतला. ऑलिंपियाडची शेवटची फेरी सुरू होताना संघ आघाडीवर होता, घरचे मैदान होते, सुवर्णपदकाची चर्चा घरोघरी होती. अमेरिकेकडून संघ तीन-एक असा हरला आणि कांस्यपदकावर थांबला. वास्तविक महिला संघाचे ऑलिंपियाडमधील ते पहिलेच पदक. पण त्या संध्याकाळी ते पदकासारखे वाटले नाही. संघाचे कर्णधार पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे होते, आणि खेळाडूंत गोव्याची भक्ती कुलकर्णी होती.

दोन वर्षांनी बुडापेस्टला कर्णधार कुंटेच होते. या वेळीही संघाने सलग सात सामने जिंकले आणि मग आठव्या फेरीत पोलंडकडून हार, नवव्या फेरीत अमेरिकेशी बरोबरी, असे चेन्नईची आठवण करून देणारे वळण आले. दहाव्या फेरीत चीनला हरवून संघ सावरला. 22 सप्टेंबर 2024 रोजी शेवटच्या फेरीला बसताना भारत आणि कझाकस्तान समान गुणांवर होते. अझरबैजानविरुद्ध भारताने साडेतीन-अर्धा असा विजय मिळवला आणि सुवर्णपदक जिंकले. तिसऱ्या पटावर खेळणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुखने आपला डाव जिंकला. वैयक्तिक सुवर्णपदकही तिलाच मिळाले. तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

पुढच्याच वर्षी, जुलै 2025 मध्ये, जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत दिव्यासमोर कोनेरू हम्पी होती. हम्पी 2002 साली ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याच्या जन्माला तीन वर्षे अवकाश होता. शेवटच्या फेऱ्यांचे शिक्षण हम्पीइतके भारतात थोड्यांनाच मिळाले असेल: सात महिन्यांपूर्वीच न्यूयॉर्कच्या जागतिक जलद स्पर्धेत पहिली फेरी हरूनही तिने शेवटच्या फेरीत काळ्या मोहऱ्यांनी विजय मिळवून जगज्जेतेपद दुसऱ्यांदा पटकावले होते.

अंतिम फेरीच्या पहिल्या डावात दिव्याच्या हाती विजय आला होता आणि तो निसटला. अशा निसटलेल्या डावाचे सावट दुसऱ्या डावावर पडते. कित्येक चांगले खेळाडू हातचा गेलेला अर्धा गुण भरून काढण्याच्या नादात पुढचा पूर्ण गुण घालवतात. दिव्याने दुसरा डाव बरोबरीत ठेवला. 28 जुलैला जलद डाव झाले. पहिला बरोबरीत सुटला. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. डाव लांबला, घड्याळातली मिनिटे सेकंदांवर आली, आणि या वेळी चूक अनुभवी हातून झाली. हम्पीने डाव सोडला तेव्हा दिव्याला अश्रू आवरले नाहीत. थोड्या वेळाने ती आईच्या मिठीत होती. स्पर्धेला येताना तिच्याजवळ ग्रँडमास्टरपदाचा एकही नॉर्म नव्हता. नियमाप्रमाणे विजेतीला ते पद थेट मिळाले, आणि ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. पुढील आव्हानवीर स्पर्धेसाठी दिव्या आणि हम्पी या दोघींचीही पात्रता याच स्पर्धेतून निश्चित झाली.