गोळी दिली, मग वीस वर्षं पाठपुरावा केला

केनियाच्या पश्चिम टोकाला, युगांडाच्या सीमेला लागून बुसिया आहे. दक्षिणेला व्हिक्टोरिया सरोवर, त्याला मिळणारी न्झोया नदी, मक्याची आणि कसाव्याची लहान लहान शेतं, आणि नदीला पूर आला की पाण्याखाली जाणारी बुडालांगीची सखल गावं. गेल्या तीस वर्षांत अर्थशास्त्राच्या वर्गांत या आडबाजूच्या भागाचं नाव वारंवार घेतलं गेलं. गरीब घरातल्या मुलांना शिकण्यासाठी खरोखर कशाची मदत होते, हा प्रश्न इथे अंदाजावर न सोडता मोजून पाहिला गेला, हे त्याचं कारण.

मायकल क्रेमर हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ पदवीनंतर काही काळ पश्चिम केनियात शिक्षक म्हणून राहिले होते. पुढे 1990च्या दशकात ते पुन्हा या भागात आले, तेव्हा एक डच स्वयंसेवी संस्था बुसियातल्या शाळांना मदत करण्याच्या तयारीत होती. क्रेमर यांनी सुचवलं की मदत सगळ्या शाळांना एकदम देऊ नये. आधी काही शाळांना द्यावी, काहींना नंतर, आणि आधी कोणाला मिळणार हे कोणाच्या पसंतीवर ठरू नये. म्हणजे मदत मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांमध्ये दुसरा मोठा फरक उरत नाही, आणि जो बदल दिसेल तो मदतीमुळेच झाला असं म्हणता येतं. औषधांच्या चाचण्यांमध्ये ही पद्धत जुनीच होती. गावातल्या शाळेत मात्र ती क्वचितच कोणी आणली होती.

सुरुवातीचा एक प्रयोग पाठ्यपुस्तकांचा होता. एकेका पुस्तकावर अनेक मुलं वाकून बसत, तेव्हा पुस्तकं दिली की गुण वाढणारच, असं कोणालाही वाटलं असतं. सरासरी गुण वाढले नाहीत. जी मुलं आधीपासून हुशार होती, फक्त त्यांना फायदा झाला. पुस्तकं इंग्रजीत होती, आणि घरी एक भाषा, बाजारात स्वाहिली बोलणाऱ्या या मुलांची इंग्रजी ही तिसरी भाषा होती. मागे पडलेल्या मुलाला ते पुस्तक वाचताच येत नव्हतं. भिंतीवर लावायचे रंगीत तक्ते दिले, त्यानंही परीक्षेत काही फरक पडला नाही. चांगल्या हेतूनं केलेला खर्च असा वाया जातो हे आकड्यांत दिसणं त्रासदायक असतं, पण ते दिसल्याशिवाय पुढची वाट सापडत नाही.

मग जंतांकडे लक्ष गेलं.

1998 मध्ये या भागातल्या मुलांची शौचाच्या नमुन्यांवरून तपासणी झाली, तेव्हा दहापैकी नऊहून जास्त मुलांच्या पोटात कसले ना कसले जंत निघाले. अंकुशकृमी अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रक्त शोषतो. गोलकृमीची अंडी मातीतून हातावर आणि हातावरून तोंडात जातात. सरोवराकाठच्या मुलांना आणखी एक धोका होता: गोगलगायींतून पाण्यात येणारा शिस्टोसोमा, जो पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतूनच आत घुसतो. असं मूल फारसं आजारी दिसत नाही. ते थकलेलं असतं, पोट दुखतं म्हणून घरी राहतं, आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागते.

औषध जुनं आणि स्वस्त होतं. साध्या जंतांसाठी वर्षातून दोनदा अल्बेंडाझोल, आणि जिथे शिस्टोसोमाचा प्रादुर्भाव मोठा तिथे वर्षातून एकदा प्राझिक्वांटेल. क्रेमर आणि त्यांचे तरुण सहकारी एडवर्ड मिगेल यांनी 75 प्राथमिक शाळा घेतल्या. विद्यार्थी तीस हजारांच्या वर. शाळांची नावं विभागवार वर्णानुक्रमे लिहिली आणि दर तिसरी शाळा एकेका गटात टाकली. पंचवीस शाळांना 1998 पासून गोळ्या मिळाल्या, पुढच्या पंचवीसना 1999 पासून, उरलेल्यांना 2001 पासून. कोणालाही कायमचं वंचित ठेवलं नाही. पैसे आणि माणसं सगळीकडे एकदम पोहोचणारी नव्हतीच, तेव्हा आधी कोण आणि नंतर कोण एवढंच ठरवायचं होतं.

2004 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोळ्या मिळालेल्या शाळांमधली गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशानं कमी झाली. खर्च एका मुलामागे वर्षाला अर्ध्या डॉलरच्या आसपास. ज्या मुलांनी गोळी घेतलीच नाही, त्यांच्यातलेही जंत कमी झाले. जंत माणसाच्या पोटात वाढतात, पण त्यांची संख्या तिथे वाढत नाही. प्रत्येक नवा जंत बाहेरून यावा लागतो. शंभर मुलांच्या शौचातून अंडी पडायची थांबली की गावची माती स्वच्छ होते, आणि शेजारच्या शाळेतली मुलंही वाचतात. एकेका मुलाला निवडून औषध देणारे आधीचे अभ्यास हा परिणाम पाहूच शकत नव्हते.

परीक्षेतले गुण मात्र इथेही वाढले नाहीत. मूल जास्त दिवस शाळेत आलं, पण वर्गात बसून त्याला काय मिळालं हा प्रश्न तसाच राहिला. त्या प्रश्नावरचं एक काम मुंबईतून आफ्रिकेत गेलं आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेनं इयत्ता बाजूला ठेवून मुलाला आज जेवढं वाचता येतं तिथून शिकवण्याची पद्धत घडवली. क्रेमर यांच्यासोबत 2019 चं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्तर डुफ्लो यांनी तिची मुंबई आणि वडोदऱ्यात चाचणी घेतली. आज झांबियात सरकारी शिक्षक तिसरी ते पाचवीच्या मुलांना याच पद्धतीनं शिकवतात. ‘प्रथम’च्या घरोघर जाऊन वाचन तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीवरूनच केनिया, टांझानिया आणि युगांडात 2009 मध्ये ‘उवेझो’ पाहणी सुरू झाली.

बुसियातल्या प्रयोगाचा सर्वांत बोलका भाग पैशाचा आहे. उपक्रम टिकायचा असेल तर लोकांनी थोडा तरी खर्च उचलला पाहिजे, हे विकासाच्या क्षेत्रातलं लाडकं मत. 2001 मध्ये काही शाळांतल्या पालकांकडून औषध विकत घेऊन पोहोचवण्याच्या खर्चाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढी फी मागितली गेली. फुकट होतं तेव्हा चारपैकी तीन मुलं गोळी घेत होती. फी लावल्यावर पाचातलं एकही धड उरलं नाही. फी आणखी कमी असलेल्या ठिकाणीही गळती जवळजवळ तेवढीच. हात धुवा, चपला घाला, सरोवरात उतरू नका, असं मुलांना शाळेत शिकवूनही सवयी बदलल्या नाहीत. आणखी एक गोष्ट कोणाच्या मनात आली नसती: ज्यांच्या ओळखीचे लोक आधीच्या गटात होते, ते स्वतःची पाळी आल्यावर गोळी घ्यायला अधिक नाखूश होते. ओळखीतल्यांनी सांगितलेलं असणार की गोळीनं मळमळतं आणि फरक लगेच काही जाणवत नाही. ज्या औषधाचा बराचसा फायदा शेजाऱ्याला होतो, ते माणूस स्वतःच्या खिशातून विकत घेईल ही अपेक्षाच चुकीची आहे. ते सरकारनं फुकट द्यायला हवं. आपल्याकडे 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून गोळी फुकट चघळायला दिली जाते, आणि ते योग्यच आहे.

या संशोधनावर टीकाही जोरदार झाली. लिव्हरपूलच्या संशोधकांनी जगभरातल्या चाचण्या एकत्र करून सांगितलं की सरसकट गोळ्या देऊन मुलांचं वजन, हिमोग्लोबिन किंवा बुद्धी सरासरीनं वाढल्याचा पुरावा मिळत नाही. लंडनच्या साथरोगतज्ज्ञांनी बुसियाची मूळ आकडेवारी पुन्हा तपासली आणि 2015 मध्ये चुका दाखवल्या. दूरच्या शाळांवरचा परिणाम मोजताना गणित चुकलं होतं. तीन किलोमीटरपलीकडच्या फायद्याचा दावा टिकला नाही. गोळ्या मिळालेल्या शाळांतली हजेरी सुधारल्याचा निष्कर्ष त्या फेरमोजणीत टिकला, पण विश्लेषणाची दुसरी पद्धत घेतली की पुरावा कमकुवत होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. वर्तमानपत्रांनी याला युद्ध म्हटलं. प्रत्यक्षात क्रेमर आणि मिगेल यांनी आपली सगळी आकडेवारी स्वतःहून टीकाकारांच्या हाती दिली होती. ज्या भागात बुसियाएवढे जंत नाहीत, तिथे तोच फायदा मिळेल असं समजू नये, एवढं तरी या वादातून नीट स्पष्ट झालं.

दरम्यान एक काम शांतपणे चालूच होतं. त्या 75 शाळांतल्या सुमारे साडेसात हजार मुलांची नावं घेऊन 2003 पासून पाहणी सुरू झाली. मुलं मोठी झाली, लग्नं झाली, नैरोबीला गेली, मोम्बासाला गेली, सीमेपलीकडे युगांडात गेली. पाहणी करणारे त्यांच्या मागे गेले. आधी नातेवाइकांना विचारायचं, मग फोन लावायचा, मग बस पकडून त्या गावी जायचं. 2021 मध्ये वीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. लहानपणी दोन-तीन वर्षं जास्त गोळ्या मिळालेल्यांचा घरखर्च इतरांपेक्षा 14 टक्के अधिक होता आणि तासाची कमाई 13 टक्के अधिक. शेती सोडून इतर कामांतले त्यांचे तास वाढले होते, आणि शहरात राहणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं.

2023 मध्ये याच पाहणीतून पुढच्या पिढीबद्दलचा शोधनिबंध आला. आता आईबाप झालेल्या या मुलामुलींच्या बाळांची नोंद पाहिली, तर लहानपणी जास्त गोळ्या मिळालेल्यांच्या घरी पाच वर्षांखालील बालमृत्यू 22 टक्क्यांनी कमी होते. या घरांमध्ये आईबापांची परिस्थिती सुधारली होती, शहर आणि दवाखाना जवळ आला होता. जी बाळं जगली, वाढली, त्यांच्या भाषेची, आकडेमोडीची आणि आरोग्याची तपासणीही आता याच पाहणीत होते आहे.