नाताळचे अंक

दिवाळी तोंडावर आली की पुस्तकविक्रेत्याकडे ‘अंक आले काय?’ म्हणून खेटे घालणाऱ्या आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते, की १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांच्या नजरेपुढे नमुना होता तो विलायतेतील नाताळच्या खास अंकांचा.

इंग्लंडात डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारासच अंधारून येते. अशा दीर्घ रात्री शेकोटीच्या उबेला बसून एकाने मोठ्याने वाचावे व इतरांनी ऐकावे, असा तेथील मध्यमवर्गीय कुटुंबांचा परिपाठ असल्यामुळे या अंकांत भुताखेतांच्या कथांस अग्रमान मिळे. चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकाच्या १८६६ च्या नाताळ अंकात, रेल्वेच्या खोल खिंडीत, बोगद्याच्या तोंडाशी एकाकी पहारा देणाऱ्या सिग्नलवाल्याची जी कथा लिहिली, ती आजही दिवे मालवून ऐकण्याजोगी आहे. कवितांविषयी तितकेसे बरे बोलवत नाही. हिम आणि घंटानाद यांची मुबलक भरती करून संपादकाने रिकाम्या जागा बुजवाव्यात, असाच बहुतेकींचा मासला!

चित्रांची गोष्ट मात्र निराळी. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने १८४८ साली राणी व्हिक्टोरियाचे कुटुंब सजवलेल्या वृक्षाभोवती उभे दाखवले आणि तो वृक्ष घरोघर जाऊन पोहोचला, ‘ग्राफिक’ने १८८० साली मिलेच्या ‘चेरी राइप’ या बालिकाचित्राची रंगीत प्रत अंकासोबत दिली, तेव्हा ती चौकटीत बसून असंख्य भिंतींवर चढली. पुढे शतकाच्या अखेरीस लाकडी ठशांची जागा छायाचित्रांनी घेतली; त्यांत तपशील वाढला, परंतु कोरणाऱ्याच्या हाताचा डौल गेला, असे माझे मत आहे.

१८८७ चा ‘बीटन्स ख्रिसमस अ‍ॅन्युअल’ एक शिलिंगास मिळत होता व नाताळापूर्वीच खपला. त्यातील मुख्य कथेचे सर्व हक्क तिच्या लेखकाने, म्हणजे कॉनन डॉयल या अप्रसिद्ध डॉक्टरने, अवघ्या २५ पौंडांस विकून टाकले होते. शेरलॉक होम्सचा जन्म झाला तो तिच्यातच.

अशा अंकांची बांधीव जिल्द कुठे हाती आली, तर बांधणाऱ्याने जाहिरातींची पाने काढून टाकली आहेत काय, हे वाचकांनी आधी पाहावे; साबण आणि कोको यांच्या त्या जाहिरातींवाचून अंकाची निम्मी गंमत हुकते.