बुवापाड्यातल्या पोरांनो, सायबर सुरक्षेची नोकरी हवी? आधी ‘गेटचं रजिस्टर’ वाचायला शिका

अंबरनाथ : ‘सहा महिन्यांत हॅकर व्हा, शंभर टक्के नोकरी’ अशा जाहिराती सध्या मोबाईलवर रोज येतात. फी लाखाच्या घरात, ती नसेल तर हप्ते. बुवापाड्यासारख्या वस्तीत, जिथे आनंदनगर एमआयडीसीची शिफ्ट करून घर चालतं, तिथे असा हप्ता म्हणजे घरावरचं कर्जच. म्हणून पैसे भरण्याआधी हे काम काय आहे, ते समजून घ्या.

काम नेमकं काय?

कंपनीच्या गेटवर वॉचमन असतो. कोण आलं, किती वाजता आलं, कोणत्या गाडीने आलं, हे तो रजिस्टरमध्ये लिहितो. कॉम्प्युटरही असंच रजिस्टर ठेवतो. त्याला ‘लॉग’ म्हणतात. सायबर सुरक्षेतली सुरुवातीची बरीचशी कामं म्हणजे हे रजिस्टर वाचणं आणि त्यातलं खटकणारं ओळखणं.

उदाहरण घ्या. विंडोज कॉम्प्युटरमध्ये चुकलेल्या लॉगिनची नोंद ४६२५ या क्रमांकाने होते, बरोबर झालेल्या लॉगिनची ४६२४ ने. समजा रात्री दोन वाजता अकाउंट विभागाच्या कॉम्प्युटरवर दोनशे वेळा ४६२५ आलं आणि त्यानंतर एकदा ४६२४. म्हणजे कोणीतरी पासवर्ड लावून लावून पाहिले आणि शेवटी एक लागला. हे ज्याला दिसलं, त्याने लगेच वरिष्ठांना कळवायचं. यालाच ‘सॉक’ची नोकरी म्हणतात. ती चोवीस तास, तीन पाळ्यांत चालते. रात्रपाळीची सवय असलेल्याला हे नवीन नाही.

पुण्यात काय घडलं होतं?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. एटीएम पैसे देण्याआधी बँकेला विचारतं, ‘खात्यात शिल्लक आहे का?’ चोरांनी मध्येच आपली खोटी यंत्रणा बसवली आणि ती प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणत राहिली. ११ ऑगस्टला, शनिवारी, २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळवले.

एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं. बनावट कार्ड घेऊन एटीएमसमोर उभे राहणारे लोक होते ते. पडद्यामागचे लांब राहिले, हाताशी धरलेले आत गेले. ‘तुझं खातं महिनाभर वापरायला दे, कमिशन देतो’ असं कोणी म्हणालं तर हे आठवा. खातं गुन्ह्यात सापडलं तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागतो. शिवाय नोकरी देताना कंपन्या पार्श्वभूमी तपासतात, तिथेही अडतं.

शिकायचं कुठून?

पहिली पायरी नेटवर्किंग. आयपी ॲड्रेस म्हणजे काय, राउटर काय करतो, वेबसाईटचं नाव टाकल्यावर पान कसं येतं, एवढं पक्कं व्हायला हवं. दुसरी पायरी लिनक्स. तिसरी, लॉग वाचणं. हे झाल्याशिवाय ‘हॅकिंग’चा क्लास म्हणजे नांगरट न करता पेरणी.

सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचा सुरुवातीचा कोर्स ऑनलाईन मोफत आहे. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’वर शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षा द्यायची असेल तरच फी. दहावीनंतर आयटीआयचा ‘कोपा’ ट्रेड आहे. नोकरी सांभाळून पदवी करायची तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. सरावाला आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप चालतो. वायरशार्क, व्हर्च्युअलबॉक्स ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

इंग्रजी बोलता आलं नाही तरी सुरुवात करता येते, पण वाचता यायलाच हवं. सगळे अहवाल इंग्रजीत असतात. रोज एक पान वाचा.

बारावी झालेल्याला दार कुठून?

थेट ‘सायबर एक्स्पर्ट’ म्हणून कोणी घेत नाही. आधी कॉम्प्युटर दुरुस्ती, हेल्पडेस्क, केबलिंग अशा कामात शिरायचं आणि तिथून पुढे सरकायचं. सीसीटीव्ही बसवणारी पोरं तर निम्म्या वाटेवर आहेत. कॅमेऱ्याचा कंपनीचा पासवर्ड बदलला का, तो बाहेरच्या इंटरनेटवर उघडा तर नाही ना, हे तपासणं म्हणजेच सायबर सुरक्षा. अंबरनाथहून ठाणे, तिथून गाडी बदलून ऐरोली, रबाळे, घणसोली. आयटी कंपन्यांचा हा पट्टा लोकलच्या अंतरावर आहे.

शिफ्ट सांभाळून रोज दीड-दोन तास दिले तर वर्ष-दीड वर्ष धरून चला. तोवर हातातली नोकरी सोडू नका.

या तीन चुका नकोत

एक, सरावासाठी पतपेढीची, शाळेची किंवा ग्रामपंचायतीची वेबसाईट हाताळू नका. परवानगीशिवाय आत शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सराव आपल्याच लॅपटॉपवर.

दोन, ‘परदेशात कॉम्प्युटरचं काम, तिकीट आमचं’ यावर भुलू नका. अशाच आमिषाने भारतातली तरुण मुलं म्यानमार, कंबोडियात नेऊन, पासपोर्ट काढून घेऊन, लोकांना फसवायच्या कामाला जुंपली गेली. एजंट सरकारकडे नोंदणीकृत आहे का, ते ‘ई-मायग्रेट’वर आधी पाहा.

तीन, शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या क्लासकडे ती हमी लेखी मागा. नोकरी नाही लागली तर फी परत मिळणार का, तेही लिहून घ्या. तो टाळाटाळ करू लागला की समजून जा.

आणि हे पाठ ठेवा : ऑनलाईन पैसे गेले की ताबडतोब १९३० वर फोन. जेवढा लवकर फोन, तेवढी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी थांबण्याची शक्यता जास्त. शेजारच्या काकूंचे पैसे असे वाचवता आले, तर समजा तुमचं पहिलं काम झालं.