ऑस्ट्रेलियाची दोन मानाची वर्षं, आणि ‘मिआंजिन’

एप्रिल २०२४मध्ये व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात आर्ची मूर यांच्या ‘किथ अँड किन’ या कलाकृतीला गोल्डन लायन हा सर्वोच्च सन्मान मिळाला. ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला हा मान पहिल्यांदाच आला. मूर कामिलारोई आणि बिगांबुल या आदिवासी समाजांचे. ऑस्ट्रेलियाच्या दालनाच्या काळ्या भिंतींवर आणि छतावर त्यांनी पांढऱ्या खडूने स्वतःची वंशावळ हाताने लिहून काढली, थेट ६५,००० वर्षं मागे जाणारी. मधल्या काही जागा कोऱ्या ठेवल्या, कत्तलींत आणि साथींत नाहीशा झालेल्या माणसांच्या. मध्यभागी पाण्यावर कागदांचे पांढरेशुभ्र गठ्ठे रचलेले. कोठडीत मरण पावलेल्या आदिवासींचे ते चौकशी अहवाल. वंशवेल आणि सरकारी कागद असे समोरासमोर आणणारी कलाकृती माझ्या तरी माहितीत दुसरी नाही.

त्याच वर्षी वान्यी समाजाच्या अलेक्सिस राइट यांच्या सातशेहून अधिक पानांच्या ‘प्रेझवर्दी’ने स्टेला आणि माइल्स फ्रँकलिन हे दोन्ही साहित्य पुरस्कार पटकावले. एवढा अवघड ग्रंथ जिरामोंडो या छोट्या प्रकाशनाने काढला. २०२५चा माइल्स फ्रँकलिन सियांग लू यांच्या ‘घोस्ट सिटीज’ला मिळाला. दोनशेहून जास्त वेळा नकार पचवलेली ही कादंबरी अखेर क्वीन्सलँड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने छापली.

मोठ्या संस्थांनी मात्र निराशा केली. पुढच्या बिएनालेसाठी फेब्रुवारी २०२५मध्ये निवडलेले कलाकार खालिद सबसबी यांना आठवड्याच्या आत वगळलं आणि जुलैत परत घेतलं. ऑगस्टमध्ये बेंडिगोच्या साहित्य महोत्सवाने वक्त्यांवर आचारसंहिता लादली. पन्नासहून अधिक जणांनी अंग काढून घेतलं आणि महोत्सव कोलमडला.

सप्टेंबरमधली बातमी सगळ्यांत जिव्हारी लागली. क्लेम क्रिस्टेसन यांनी १९४०मध्ये ब्रिस्बेनला सुरू केलेलं आणि १९४५पासून मेलबर्नहून निघणारं ‘मिआंजिन’ हे साहित्यिक नियतकालिक डिसेंबरच्या अंकानंतर थांबवत असल्याचं मेलबर्न विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने जाहीर केलं. कारण दिलं निव्वळ पैशाचं. लेखकांसाठी ‘रायटिंग ऑस्ट्रेलिया’ ही सरकारी संस्था त्याच जुलैत सुरू झाली होती! पंच्याऐंशी वर्षांचं नियतकालिक ताळेबंदावर तोलणं मला मुळीच मान्य नाही. नवा लेखक आधी अशाच पानांवर उमटतो, पुरस्कार फार पुढे येतात.

या दोन वर्षांतलं एकच पुस्तक वाचायचं असेल, तर २०२५चा स्टेला मिळवणारं मिशेल द क्रेत्सर यांचं ‘थिअरी अँड प्रॅक्टिस’ घ्या. आटोपशीर आहे. ‘प्रेझवर्दी’ला त्यानंतर सवडीने हात घाला.