औषध कारखान्याचं जीएमपी पालन मोजायचं कसं?

हिंगोलीतल्या कोणत्याही मेडिकलमधून खोकल्याच्या औषधाची बाटली घ्या. लेबलवर बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक दिसेल. आपला अभ्यास तिथून मागे, कारखान्यापर्यंत जातो.

पहिला प्रश्न हमखास येतो: तयार औषध तपासलं की झालं ना? गणित करून बघा. समजा, इंजेक्शनच्या बॅचमधल्या १ टक्का व्हायल दूषित आहेत आणि तुम्ही २० तपासल्या. एकही दूषित व्हायल हाती न लागण्याची शक्यता ०.९९ चा २० वा घात, म्हणजे जवळपास ८२ टक्के! म्हणून कच्च्या मालापासून पॅकिंगपर्यंत प्रत्येक टप्पा सांभाळावा लागतो. यालाच जीएमपी, म्हणजे उत्तम उत्पादन पद्धती म्हणतात.

हे न सांभाळल्यास काय होतं? १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. १९८८ मध्ये औषध नियमांत जीएमपीसाठी शेड्यूल एम आलं. सुधारित शेड्यूल एम डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालं.

आता मोजमापाकडे येऊ. तपासणीत सापडलेल्या त्रुटी साधारणपणे अतिगंभीर, मोठ्या आणि किरकोळ अशा विभागतात. त्यांची नुसती बेरीज करू नका. रजिस्टरवर दहा ठिकाणी सही राहणं आणि ग्लिसरीन न तपासताच वापरणं एका मापात बसत नाही. शिवाय कागद एकटा वाचू नका. बॅच रेकॉर्डमधली वेळ, वजनकाट्याची नोंद आणि स्टोअरमधून माल निघाल्याची नोंद जुळते का, ते ताडून पाहा.

आणखी एक सापळा आहे. डिसेंबर २०२२ पासून केंद्र आणि राज्यांच्या यंत्रणा जोखमीवर आधारित तपासण्या करतात. म्हणजे संशयास्पद कारखाने आधी निवडले जातात. त्यातल्या नापासांचं प्रमाण देशातल्या सगळ्या कारखान्यांना लावलं, तर निष्कर्ष चुकणारच. म्हणून नमुना कसा निवडला गेला, हे प्रबंधात आधी लिहा.

सुरुवात छोटी करा. शेड्यूल एममधलं कच्च्या मालाबद्दलचं एकच कलम घ्या आणि ‘पालन झालं’ म्हणायला कोणता पुरावा पुरेल, ते एका वाक्यात लिहा. दोन मित्रांना तेच करायला सांगा. तिघांची उत्तरं वेगळी आली, तर तुमची चेकलिस्ट अजून तयार नाही.