शामक औषधांची कार्यपद्धती : बार्बिच्युरेट आणि बेंझोडायझेपिन

मेंदूतील चेतापेशींची उत्तेजितता नियंत्रित ठेवण्याचे कार्य प्रामुख्याने ‘गाबा’ हे रसायन करते. ते ‘गाबा-ए’ या ग्राहीशी जोडले गेले की क्लोराइड आयनांचा मार्ग उघडतो आणि पेशी शांत होते. बहुतांश शामक औषधे याच ग्राहीवर कार्य करतात. मात्र त्यांच्या कार्याची रीत भिन्न आहे व सुरक्षितताही त्यावरच अवलंबून आहे.

१९०३ मध्ये एमिल फिशर व योसेफ फॉन मेरिंग यांनी बार्बिटलचा निद्राकारी गुण प्रसिद्ध केला. बार्बिच्युरेट औषधे आयनमार्ग अधिक काळ उघडा ठेवतात. मात्रा वाढल्यास गाबाच्या अभावीही तो उघडतात. परिणामी झोप आणि श्वसन बंद पडणे यांतील अंतर अल्प उरते.

लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेले क्लोरडायझेपॉक्साइड १९६० मध्ये, तर डायझेपाम १९६३ मध्ये वापरात आले. बेंझोडायझेपिन औषधे मार्ग उघडण्याची वारंवारता वाढवितात. परंतु गाबा नसल्यास ती निष्प्रभ ठरतात. त्यामुळे केवळ त्यांच्याच अतिमात्रेने मृत्यू क्वचित ओढवतो.

तथापि ही सुरक्षितता सशर्त आहे. मद्य किंवा अफूवर्गीय वेदनाशामके सोबत घेतल्यास श्वसन धोकादायकरीत्या मंदावते. दीर्घ सेवनाने ग्राहींचा प्रतिसाद क्षीण होतो. अशा वेळी औषध अकस्मात थांबविल्यास झटके येऊ शकतात. म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते.

भारतात २०१३ मध्ये निर्माण झालेल्या ‘अनुसूची एच-१’ मध्ये अल्प्राझोलाम व डायझेपाम यांचा समावेश असून विक्रेत्याला त्यांची स्वतंत्र नोंद ठेवणे बंधनकारक आहे. या नोंदीमागील कारण औषधाच्या कार्यपद्धतीतच आहे.