बिळाच्या तोंडाशी खडे

लिनीअसने 1758 साली ‘मुस’ या नावाखाली जो गोतावळा जमवला, त्यात घरातला उंदीर होता, काळा उंदीर होता, शिवाय गिनीपिग, मार्मोट आणि उडती खारसुद्धा होती. पुढे एकेक पाहुणा आपापल्या घरी पोचवला गेला आणि या प्रजातीत सुमारे 40 जाती उरल्या. त्यांच्या चार उपप्रजाती अभ्यासकांना पाठ आहेत. आफ्रिकेतल्या नॅनोमिसांचा एकट्यांचा वाटा जवळजवळ निम्मा. त्यांना इथेच सोडतो. माझे म्हणणे निराळे आहे. या प्रजातीत कवटी, गुणसूत्रे आणि डीएनए या तिन्ही साक्षीदारांनी कधी ना कधी अपुरी साक्ष दिली आहे, आणि चौथा साक्षीदार, म्हणजे उंदराचे बीळ, याला मात्र कुणी पिंजऱ्यात बोलावतच नाही.

आपल्या दख्खनचे उदाहरण घ्या. 1832 साली बेनेटने दख्खनच्या उंदराला ‘प्लॅटिथ्रिक्स’, म्हणजे चपट्या केसांचा, असे नाव दिले. हा पायरोमिस या उपप्रजातीतला, पाठीवर काटेरी केस असलेला. पण त्याची खरी ओळख करून दिली ती वॉल्टर एलियटने, 1839 साली छापलेल्या दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांच्या यादीत. वडार लोक याला ‘लेग्गडे’ म्हणतात, तांबड्या मुरमाड बांधाच्या कडेला याचे बीळ असते, उंदीर आत असला की तोंड बारीक खड्यांनी बुजवलेले असते आणि बाहेर साठलेल्या खड्यांवरून ठिकाण हमखास कळते, असे तो सांगतो. आतल्या दालनातही खड्यांचेच अंथरूण. पोटावरच्या दाट केसांमुळे त्याला ते बोचत नाही. दगड फोडणाऱ्यांनी दगड रचणारा उंदीर नेमका हेरला होता. गंमत अशी, की ग्रेने 1837 मध्ये ‘लेग्गडा’ अशी प्रजातीच उभी केली, पण तिचा प्रमुख प्रतिनिधी ठरला शेतातला चिमुकला बुदुगा. हा बुदुगा पुढे घरच्या उंदराच्याच शाखेतला निघाला आणि वडारांचा शब्द ज्याच्यासाठी होता, त्याच्या वाट्याला काही आला नाही. काटेरी उंदरांसाठी थॉमसला 1911 मध्ये ‘पायरोमिस’ हे परके नाव घडवावे लागले. घरच्या उंदराची गुणसूत्रे 40, तर प्लॅटिथ्रिक्सची 26. एवढा वेगळा प्राणी, आणि शेजारी बसलेल्या सॅक्सिकोला या दुसऱ्या काटेरी उंदरापासून तो वेगळा करताना आजही पुष्कळ जण कवटीच चाचपत बसतात.

कवटी फसवते याचा पुरावा निलगिरीतल्या फॅम्युलसने दिला. बोनहोटने 1898 मध्ये वर्णिलेला हा उंदीर चेहऱ्यामोहऱ्यावरून सीलोमिसांत, म्हणजे चिचुंद्रीसारख्या तोंडाच्या रानउंदरांत बसवला होता. 2003 मध्ये डीएनएच्या तपासणीने त्याला थेट घरच्या उंदराच्या उपप्रजातीत आणले. दमट रानात राहणाऱ्यांचे तोंड एकमेकांसारखे होते, नाते असो वा नसो. गुणसूत्रांचेही तेच. आल्प्समधल्या पॉस्कियाव्हो खोऱ्यातला काळपट उंदीर फातिओने 1869 मध्ये स्वतंत्र जात मानला. शंभर वर्षांनी त्याची गुणसूत्रे 40 ऐवजी 26 निघाली तेव्हा फातिओचे म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटले. मग आसपासच्या खोऱ्यांत 22, 24 असे आकडे सापडू लागले आणि ते सारे घरचेच उंदीर ठरले, फक्त गुणसूत्रे जोडीजोडीने चिकटलेली.

यावर डीएनएवाले म्हणतात, मग आमचाच निकाल अखेरचा माना, बिळे कशाला उकरता? वागणूक माती बदलली की बदलते, असा दुसरा आक्षेप. तो अगदीच फोल नाही. काळ्या मातीत मुरूम कुठून आणणार? पण हंगेरीच्या स्पिसिलेगसकडे पाहा. कणसे वेचणारा, असा त्या नावाचा अर्थ. पेटेन्यीचे हे नाव 1882 मध्ये छापले गेले. हे उंदीर शरदात धान्य आणि बिया रचून त्यावर मातीचा ढीग घालतात आणि त्या वर्षीची पिल्ले त्याखाली हिवाळा काढतात. त्याच शेजारातला घरचा उंदीर त्याच मातीत असला ढीग कधी घालत नाही. श्वार्ट्‌झ दांपत्याने 1943 मध्ये शंभराहून अधिक नावे एका घरच्या उंदरात कोंबली, तेव्हा स्पिसिलेगसही त्यात गडप झाला. प्रथिनांच्या चाचण्यांनी त्याला पुन्हा बाहेर काढायला आणखी तीन-चार दशके लागली. ढीग पाहणाऱ्याला ते आधीच ठाऊक होते. बुदुगा आणि टेरिकलर या दोन जाती वेगळ्या ओळखण्याचे श्रेय मात्र मी प्रामाणिकपणे गुणसूत्रवाल्यांच्या पदरात टाकतो. दोघांची गुणसूत्रे 40च, कवट्या जवळपास सारख्या, वावर एकाच शेतात. पण टेरिकलरचे एक्स गुणसूत्र अवाढव्य, आणि तिथे बिळाआधी सूक्ष्मदर्शकाने उलगडा केला.

म्हणूनच आजची पद्धत खटकते. शेपटीचा तुकडा अल्कोहोलच्या कुपीत पडतो, कुपीवर अक्षांश-रेखांश येतात, आणि माती तांबडी होती की काळी, बीळ बांधावर होते की सपाटीला, तोंड उघडे होते की बुजवलेले, याची ओळ येत नाही. ती लिहायला पैसे लागत नाहीत. कुपीतल्या तुकड्यातून शंभर वर्षांनीही डीएनए काढता येईल. नांगरलेल्या बांधातून खड्यांची रास काढता येणार नाही. एलियटकडे गुणसूत्रे किंवा डीएनए तपासण्याचे एकही यंत्र नव्हते, तरी त्याच्या चार ओळी घेऊन धारवाडच्या बांधावर गेलेला माणूस नेमक्या उंदराच्या दारात उभा राहू शकतो.